पायी घरी जायची पिशवी

जाधव बाई सकाळी वर्गात शिरल्या की मुलांची हजेरी नंतर घ्यायच्या, आधी आपल्या पिशवीची गाठ तपासायच्या. खताच्या पोत्याची, हाताने शिवलेली पिशवी. एसटीत शेजारी बसलेल्याने हात तर घातला नाही ना, याची खात्री झाली की मग पाढे सुरू. पिशवीत भाकरी, ठेचा, गुळाचा खडा, पाण्याची बाटली, बॅटरी आणि कागदाच्या पुडीत लाल तिखट. तिखट कुत्र्यांसाठी, असं त्या म्हणायच्या आणि आम्हा सगळ्या शिक्षकांकडे एकदा पाहून घ्यायच्या!

“गाडी बंद पडली तर पायी घर गाठायला,” त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी जालन्याहून नवीनच आलेली शिक्षिका, तोंडाने जरा आगाऊ. म्हटलं, “बाई, गाडी रोज येतेच की!” त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं, जणू मी गाडीवाल्यांना फितूर आहे.

“रोज येती म्हणून आजबी यील, हे तुला कोण सांगितलं?”

आमची शाळा जाफराबाद-भोकरदन रस्त्यावरच्या एका गावात होती आणि आम्ही दोघी भोकरदनहून जाऊन-येऊन करायचो. बाईंचा संशय सर्वांवर सारखा. हेडमास्तरांनी चहा पाजला तर आधी त्यांना घोटभर प्यायला लावायच्या. आभाळ निरभ्र असलं तरी पुटपुटायच्या, “बिलकुल साफ हाय. काहीतरी शिजून राह्यलंय वर.” मला त्यांचा मनापासून वैताग यायचा.

त्यांच्या संशयामागचं कारण मला शेजारणीकडून कळलं. भोकरदनला भाड्याच्या दोन खोल्यांत बाई आणि त्यांची आई राहायच्या. आईला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. एकदा दुपारी एक माणूस दाराशी येऊन म्हणाला, “तुमच्या पोरीला गाडीनं उडवलं, जल्दी चला.” म्हातारीने दार उघडलं. त्याने तिच्या हातातल्या पाटल्या ओरबाडून नेल्या. तेव्हापासून बाईंचा नियम झाला. कडी आतून, आणि बाईंशिवाय कोणालाही दार उघडायचं नाही. शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन आली तरी नाही. म्हातारीनेही तो नियम इतका मनावर घेतला, की संध्याकाळी बाई पोचेपर्यंत घासही तोंडात घालायची नाही. बाई अडकल्या असत्या, तर ती आत उपाशी बसून राहिली असती.

आणि एका दुपारी खरंच गाडी आली नाही. कुठेतरी एसटीवर दगडफेक झाली आणि वाहतूक बंद पडली. हेडमास्तर म्हणाले, रात्री इथेच थांबा. बाईंनी पिशवीच्या तळातून वारलेल्या नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट काढले, पायात चढवले आणि चालू लागल्या. एकटीला कसं सोडायचं म्हणून मीही निघाले. वाटेत एक जीपवाला थांबला. “बसा मॅडम, भोकरदनलाच चाललोय.”

“आज सगळं बंद हाय. मंग तूच कसा चालू?” बाई म्हणाल्या आणि माझा दंड धरून मला कडेला ओढलं. त्या जीपमधले लोक अगदी सुखरूप घरी पोचले, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

उन्हाने बाईंचा घसा बसला होता, माझ्या चपला पाय सोलत होत्या. दिवेलागणीला आम्ही दाराशी पोचलो.

“आई, उघड. मी कडू,” बाईंनी आपलं घरचं नाव सांगितलं.

आतून आवाज आला, “माझ्या कडूच्या चपला वाजतेत. हे बूट कोणाचे? अन् आवाज असा बसका कशानं?”

“गाडी न्हाई आली, चालत आले.”

“मागं तोबी गाडीचंच सांगत आल्ता. जा इथून!”

मला रडूच कोसळणार होतं, आणि या बाईंच्या चेहऱ्यावर चक्क समाधान! “बराबर करून राह्यली,” त्या माझ्या कानात म्हणाल्या. मग मात्र त्यांचा चेहरा उतरला. आत सकाळपासून उपाशी बसलेली आई आणि बाहेर तिला हाकांवर हाका मारणारी लेक. कडी काही हलेना. मी हाक मारून पाहिली, तर आतली पुटपुटही थांबली. परक्या बाईचा आवाज ऐकून म्हातारी आणखी घाबरली असावी. बाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. “आई, पाणी तरी पी गं,” म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

बऱ्याच वेळाने खिडकीची एक फळी किलकिली झाली. “करंगळी दाव.”

बाईंनी गजांमधून डावा हात घातला. लहानपणी विळ्याने करंगळीचं पेर गेलं होतं. आतली बोटं तिथे फिरली, थांबली, आणि दाराची कडी निघाली. म्हातारीने लेकीला छातीशी धरलं, आणि लगेच मान वर केली.

“संगं कोण हाय?”

“शाळेतली हाय. माझ्यासंगं चालत आली.”

म्हातारी भिंतीला धरून खाली वाकली. काही कळायच्या आत तिने माझं पाऊल हातात घेतलं, चप्पल काढली, आणि टाचेपासून बोटांपर्यंत सावकाश चाचपून बघितलं.

“फोड आलेत,” ती म्हणाली. “घे तिला आत.”