तुळशीच्या कुंडीतली मिंथी

सुट्टीवरून दोह्याला परतले, तर बाल्कनीतल्या कुंडीत तुळशीची नुसती काडी उभी. ऑगस्टचं ऊन आणि कुलूपबंद फ्लॅट, दुसरं काय होणार! आम्ही पहिल्यांदा इकडे यायला निघालो, तेव्हा सासूबाईंनी नाशकात मंजिऱ्या पुडीत बांधून दिल्या होत्या, त्यातून रुजवलेली तुळस. "माझ्या मुलाच्या घराची राखण करेल," म्हणाल्या होत्या. आता कोणत्या तोंडानं सांगू? मी गुपचूप त्या कुंडीत पुदिन्याच्या काड्या खोचल्या. मेल्या अशा फोफावल्या! रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सासूबाई कुंडीला हात जोडायच्या. मोतीबिंदूमुळे त्यांना नुसतं हिरवं दिसायचं. पुदिन्याला हळदकुंकू वाहणारी आमच्या अख्ख्या अल मुंतझा भागात मी एकटीच असेन.

पाचवीतल्या लेकीला शाळेत ग्रीक पुराणकथा होत्या. चटणीसाठी पानं खुडत होते, तर म्हणाली, "मम्मा, दिस वॉज अ गर्ल." पाताळातल्या नदीवरची अप्सरा, नाव मिंथी. पाताळाच्या राजाचा तिच्यावर जीव जडला. राणीला कळलं, तिनं मिंथीला पायाखाली तुडवलं आणि तिचा झाला पुदिना. माझा हात तिथंच थांबला. मी विचारत सुटले, हिलाही तो राजा आवडायचा का? नसेल आवडत, तर पाताळातून जाणार कुठं बिचारी? आई-बाप होते का तिला? लेक वैतागली. "मम्मा, इट्स जस्ट वन पॅराग्राफ!"

संध्याकाळी कॉल लागला. एरवी आजीशी 'हाय'पलीकडे न जाणारी पोर चक्क मराठीत सुरू झाली, "आजी, ही आहे ना, ही आधी अप्सरा होती..." फोन तिच्या हातात, थेट कुंडीसमोर. मी डोळे वटारले, मान हलवली, पण छे! अडखळत सगळी गोष्ट सांगून झाल्यावर म्हणाली, "मग ती पुदिना झाली."

सासूबाई फोनच्या आणखी जवळ आल्या.

"म्हणजे तुळस गेली?" त्यांनी मला विचारलं.

"हो, आई. आम्ही तिकडे असतानाच वाळली. सांगायची भीती वाटली. चुकलं माझं." मला रडूच फुटलं.

त्या नातीला म्हणाल्या, "आणि काय गं, त्या राजाला काय शिक्षा झाली?"

"नथिंग, आजी."

"अस्सं! आमच्या तुळशीलाही देवानंच फसवलं, आणि झाड तिलाच व्हावं लागलं." मग माझ्याकडे वळल्या. "रडतेस काय वेड्यासारखी? त्या पोरीला आजवर तुडवलंच सगळ्यांनी. कुंकू पहिल्यांदा तू लावलंस. आता हा नेम मोडू नकोस."