मुसळीचा वाफा

“काऊन खोदून राह्यले भाऊ? ठेवा ते कुदळ खाली!” म्हातारी बाई फाटकातूनच अशी ओरडली की राजुऱ्यापर्यंतची कुत्री जागी झाली असतील. आमची वनस्पतीबाग आम्ही गावकऱ्यांनी दर रविवारी फुकट राबून उभी केली होती, आणि नुसत्या वासावरून झाडाच्या सात पिढ्या सांगणारा तिथला एकमेव विद्वान मी, असं मीच सगळ्यांना पटवलं होतं. त्या हिवाळ्यात पाहुणे येणार म्हणून, झेंडू लावायला मी एक ओसाड दिसणारा वाफा जवळजवळ सगळा खणून काढला होता. त्यात आमच्यासोबत राबायला येणाऱ्या त्या बाईनं आपल्या गावाकडच्या जंगलातली औषधी कंदांची मुसळी लावली होती, इथं तरी ती जगेल म्हणून. पाऊस सरला की मुसळीची पानं वाळून जातात आणि कंद जमिनीखाली झोपून राहतात, हे तिच्या गावच्या बकऱ्यांनाही ठाऊक होतं, मला नव्हतं. बाई मातीत बसली आणि पांढरे तुकडे एकेक करून पदरात वेचू लागली. चिरलेल्या कंदांचा ओला, कच्चा वास सुटला होता. कोंब धरेल असा एकही तुकडा निघेना. मी पुढं जे बोललो, ते आठवलं की आजही माझे कान तापतात. “बाई, फिकर करू नका,” मी म्हणालो, “वाघाच्या दाढेतून काढावी लागली तरी तुमच्या जंगलातून पोतंभर मुसळी आणून देतो.” तिनं मान वर केली नाही. “तिथी आता खाण हाये,” ती म्हणाली.