महिला राखीव गाल

बीडमध्ये मी प्लास्टिक सर्जरीचा दवाखाना टाकला तेव्हा माझ्या थोरल्या दिरांनी विचारलं होतं, "इथं कोण नाक सरळ करून घ्यायला बसलंय?" त्यांचं बरोबर निघालं. नाक कुणी सरळ करून घेतलं नाही. माझ्याकडे यायची ती कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं, हातावर कोयता बसलेले ऊसतोड मजूर आणि स्टोव्हनं भाजलेल्या बायका. स्टोव्हही आमच्या भागातले असे शहाणे, की भडकायचे ते नेमके सुनेच्याच अंगावर. सौंदर्याशी माझा संबंध एवढाच, की पाटी रंगवणाऱ्यानं स्वतःच्या मनानं तिच्यावर गुलाब हुंगणारी एक बाई काढून दिली होती. मी ती पुसायला सांगितली, तर म्हणाला, "राहू द्या मॅडम, तेवढंच बघायला बरं."

दुष्काळ त्या वर्षी पडला असं म्हणणं चुकीचं होईल. तो आधीपासून मुक्कामालाच होता, त्या वर्षी त्यानं फक्त हातपाय पसरले. जनावरं चारा छावणीत होती, घरोघरी कोरा चहा चालला होता, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात दूध संघाची निवडणूक लागली. दुधाचा पत्ता नव्हता. पण संघ होता, संघाची इमारत होती, इमारतीत खुर्च्या होत्या, आणि खुर्च्या काही दुधावाचून आटत नाहीत.

एका सकाळी पांढऱ्या जीपमधून एक जोडपं उतरलं. चौसाळ्याच्या पलीकडचं गाव. तो कडक इस्त्रीत. प्यायला पाणी नसलेल्या जिल्ह्यात या लोकांना कपड्यांना खळ घालायला पाणी कुठून मिळतं, हे मला अजून उमगलेलं नाही. मागे त्याची बायको, पदर नाकाच्या खालपर्यंत ओढलेला.

"मॅडम, आमचा गाल सुजलाय," तो खुर्चीत बसत म्हणाला.

मी त्याचे दोन्ही गाल बघितले. गुळगुळीत दाढी केलेले, छान खाल्लेप्यालेले. "कोणता?"

"आमचा म्हंजे मंडळींचा हो."

मंडळी उभीच होती. मी तिला बसवलं आणि पदर बाजूला केला. उजवा गाल तापून लाल झालेला, कातडी ताणून चकाकत होती, खाली दगडासारख्या गाठी. सूज खालच्या पापणीला टेकली होती. तोंड उघडायला सांगितलं तर जेमतेम बोट जाईल एवढंच उघडलं. अंगात ताप. डाव्या गालातही गाठी होत्या, पण त्या अजून गप्प होत्या.

कशानं झालं, हे तिला विचारलं. उत्तर त्यानं दिलं. त्या घरात प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर एकाच खिडकीवर मिळायचं.

झालं होतं ते असं. संघात एक जागा महिला राखीव निघाली. महिला कुठून आणायची, म्हणून त्यानं घरातलीच काढली. बॅनरसाठी तिचा फोटो काढला, तर गाल बसलेले. कार्यकर्ते म्हणाले, वहिनींचा चेहरा लई सुकलेला दिसतोय, लोक म्हणतील ह्यांच्याच घरात दुष्काळ, हे आपल्याला काय देणार. मग बैठक बसली. तिच्या गालाचा ठराव आला, सूचक नवरा, अनुमोदक धाकटा दीर, एकमतानं मंजूर. जिचा गाल ती स्वयंपाकघरात चहा करत होती, कोराच. हायवेवरच्या एका लॉजात महिन्यातून एकदा एक 'स्पेशालिस्ट' यायचा. त्यानं बिनलेबलाच्या बाटलीतून दोन्ही गाल भरून दिले. दुसऱ्या दिवशी फोटो झाला आणि आठवड्याच्या आत ती भरल्या गालांनी तालुक्याच्या खांबाखांबावर लटकली.

"सिलिकॉन म्हणाला तो," नवरा म्हणाला. "म्हंजे ते खिडकीच्या काचेला लावत्यात तेच का?"

"त्याच्याच भावकीतलं आहे. फरक एवढाच की खिडकीला ताप येत नाही."

तो हसला. मी विनोद केला नव्हता. मला संताप आला होता.

हाताला गाठी लागल्यावर त्या स्पेशालिस्टला फोन केला तर तो म्हणाला, मसाज करा. मग जाऊबाईंनी रोज तेल लावून रगडून दिलं. म्हणजे आत जे एका जागी होतं ते सगळ्या गालभर फिरवून आणलं. तोपर्यंत घरातल्या बाकीच्यांना वाटत होतं, बाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"मग भरलं तसं काढा की," नवरा म्हणाला. "सुई घालायची आन् उलटं वढायचं."

मी त्याच्याकडे न बघता तिला विचारलं, "ताई, पुऱ्यांची कणीक भिजवताना तेल घालता ना? मळून झाल्यावर ते तेल परत वाटीत काढता येईल?"

"न्हाई येत," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मोहन एकदा जिरलं की जिरलं."

"तसंच झालंय. सगळं निघणार नाही. पण आत पू झालाय, तो आणि त्या गाठी काढाव्या लागतील, आणि लगेच. हे डोळ्याकडे सरकलं तर डोळा जाईल, आणखी आत गेलं तर त्याहून वाईट."

नवऱ्यानं मोबाइलमध्ये तारीख बघितली. "मतदान झाल्यावर करू."

"तोपर्यंत हे थांबणार नाही."

त्यानं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाला, "आसं करा. उजवा उतरत नसंल तर डावा बी तेवढाच चढवा. दोन्ही सारखे दिसले म्हंजे बॅनरला जुळतंय."

मी इतकी वर्षं दवाखाना चालवला. दारू पिऊन टाके घालून घ्यायला आलेले बघितले, तुटलेलं बोट उपरण्यात बांधून विसरून आलेला बघितला. पण अशी मागणी आयुष्यात एकदाच ऐकली. मी पेन खाली ठेवलं आणि त्याला सांगितलं की माझ्या दवाखान्यात गालाला गाल जुळवत नाहीत, आणि त्याला घाई असेल तर दार उघडंच आहे.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आत आवाज तुटत होता, म्हणून तो बाहेर गेला. दार लागलं तशी ती पुढं सरकली.

"मॅडम, डाग पडू द्या. मला एकच सांगा. हसता येईल ना?"

मला वाटलं, फोटोसाठी विचारतेय. तसं मी बोललेही.

"फोटुला घाला चुलीत," ती म्हणाली. "मी नकला करते. बायकांत बसले की. सरपंचाची, ग्रामसेवकाची. ह्यांची तर लईच भारी करते. छावणीत आमी बाया जनावरापाशी बसतो, दुसरं काय हाय तिथं? शेत ह्यांचं, संस्था ह्यांची, आता मत बी ह्यांचंच. तोंड तेवढं माझं राहिलंतं. त्ये बी ह्यांनी भरून आणलं." बोलताना ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. ती पदरानं टिपत म्हणाली, "पाण्याचा घोट बी राहत न्हाई तोंडात. एवढं लांबून आणलेलं पाणी."

खोटं बोलणं सोपं होतं, पण ते मला जमत नाही. हसण्याची नस गालातूनच जाते, दोऱ्याएवढी, आणि ती गाठीच्या वर आहे की खाली की मधून, हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. मी तसं सांगितलं. तिनं पदरानं पुन्हा एकदा ओठ टिपले आणि म्हणाली, "करा. आजच करा. ह्ये म्हणतील ते म्हणू द्या."

नवरा आत आला आणि सवयीनं सहीसाठी हात पुढं केला. मी संमतीचा कागद तिच्यापुढं सरकवला.

"सह्या तर मीच करतो सगळीकडं," तो बुचकळ्यात पडून म्हणाला.

"चेहरा त्यांचा आहे."

तिनं सावकाश, एकेक अक्षर गिरवत सही केली. तो वाकून बघत होता. बायकोची सही त्यानं पूर्वी बघितली नसावी.

सलाईनमधून औषधं सुरू केली, पण ऑपरेशन काही लगेच झालं नाही. कारण दवाखान्याची टाकी कोरडी होती. हात धुवायला पाणी नाही, तर चाकू कसा धरायचा? टँकर त्या सकाळीच यायचा होता. तो आला दुपारी, तोही वाटेत कुणाच्या तरी हौदात अर्धा रिकामा होऊन. तोवर ती टेबलावर पडून छताकडे बघत होती आणि मी खिडकीतून रस्त्याकडे. रस्त्यापलीकडच्या खांबावर तिचाच बॅनर होता. गोबऱ्या गालांची, हात जोडलेली ती आमच्याकडे बघून हसत होती.

गाल आतल्या बाजूनं उघडला, पण जबड्याच्या कडेला बाहेरूनही चीर द्यावी लागली. पू आणि सिलिकॉनचं तेल एकत्रच आलं. गाठी सोडवत वर गेले, तर सगळ्यात मोठ्या गाठीच्या अंगावरून ती नस गेलेली, चिकटून. तिथं मी घाबरले, सरळ सांगते. पूर्ण गाठ काढायची तर नस जाणार. मी गाठीचा एक पापुद्रा तसाच ठेवला आणि बाहेर पडले. मला शिकवणारे सर याला अर्धवट काम म्हणाले असते.

ताप उतरला, डोळा वाचला. रोज ड्रेसिंगला मी म्हणायची, दात दाखवा. ती दाखवायची, कसेबसे. गाल फुगवा. दुखतंय म्हणायची. हसून दाखवा म्हटलं की विचारायची, "कशावर?" उजवा कोपरा पडलेलाच होता. तो सुजेनं पडलाय की नसेनं, हे मला कळत नव्हतं, आणि ते न कळणं मला खात होतं.

इकडे प्रचार चालूच होता. हट्टानं तिला जीपमध्ये बसवून नेत, पट्टी दिसू नये म्हणून पदर पार हनुवटीपर्यंत. बोलायची तर सोय नव्हतीच. गावोगाव लोक म्हणायला लागले, बाई लई मर्यादेची हाय, मान वर करून बघत सुद्धा न्हाई. म्हातारे खूश झाले. ज्या चेहऱ्यासाठी एवढा उद्योग केला, तो एकाही मतदारानं बघितला नाही, आणि नेमका त्याच गुणावर ती निवडून आली. सहकाराची ताकद म्हणतात ती हीच असावी.

निकालाच्या दिवशी मिरवणूक दवाखान्यासमोरून चालली होती. मी आधीच बजावून ठेवलं होतं, गुलालाचा एक कण जखमेवर पडता कामा नये. जीप थांबली आणि ती एकटी उतरून आत आली. बाहेर लोकांनी नवऱ्याला खांद्यावर घेतलं. हार त्याच्या गळ्यात, गुलाल त्याच्या गालांना, 'निवडून आले'च्या घोषणा त्याच्या नावानं. तोही हात हलवत होता. आपण उमेदवार नव्हतो, याची आठवण त्याला कुणी करून दिली नसावी.

मी पट्टी काढली. चीर कोरडी होती. डाव्या गालातलं तसंच आहे, आज गप्प आहे, पुढचं मी सांगू शकत नाही, हे तिला पुन्हा सांगितलं. ती मान हलवत होती, पण लक्ष खिडकीबाहेर होतं. बाहेर नवऱ्यानं भाषण सुरू केलं होतं.

"दात दाखवा," मी म्हटलं.

तिनं छाती काढली. हनुवटी वर केली, एक भुवई चढवली, न दिसणारं जाकीट दोन्ही हातांनी खाली ओढलं आणि घसा खाकरला. "माज्या तमाम दूध उत्पादक बांधवांनो," ती त्याच्या आवाजात म्हणाली, "ह्यो विजय माझा न्हाई. ह्यो विजय आमच्या मंडळींच्या गालाचा हाय."

दारातली सिस्टर फिस्सकन हसली. मग ती स्वतःच हसली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. डावा कोपरा वर गेला. उजवा तिथंच होता. आणि मग तो हलला, आळस दिल्यासारखा, आणि डाव्याच्या मागून वर गेला. पुरता नाही, पण गेला.

तिनं बोटानं चाचपून बघितलं. "आलं का मॅडम?"

"आलं. थोडं उशिरा येतंय."

"येऊ द्या," ती म्हणाली. "टँकर तरी कुटं येळंवर येतोय."

मला रडू आलं. ड्रेसिंगच्या ट्रेकडे वळून मी उगाच कापूस शोधत राहिले.

नवी पट्टी लावून ती निघाली, तेव्हा पदर खांद्यावरच होता. नवरा दारात आला होता, नखशिखान्त गुलालात. "आगं, पदर घे, लोकं हायेत," तो हळूच म्हणाला.

"तुमी आदी मागं सरका," ती म्हणाली. "गुलाल लागंल."

तो सरकला. बाहेरच्या गर्दीनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि एकदा खांबावरच्या बॅनरकडे. ही कोण, हे त्यांना ओळखायला बराच वेळ लागला.