विम्यात न बसलेला दात

आमच्या विहीणबाईंच्या दातांपुढे टिकेल अशी वस्तू देवाने अजून घडवलेली नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या; आणि एक सुपारी सोडली तर ते खरंही होतं. म्हशीच्या दाव्याची गाठ, गोणीची सुतळी, तेलाच्या बाटलीचं बूच, सगळं दातांनी. घरात कोयता होता, विळी होती, कात्री होती, पण ती पाहुण्यांसाठी. बेलापूरला त्यांच्याकडे गेलं की बांधावर बसून त्या अख्खा ऊस दातांनी सोलायच्या आणि मला म्हणायच्या, "विहीणबाई, तुमच्या तिसगावाकडं बाजरी खाऊन दात भुसभुशीत झाल्यात. खावा ऊस." बाईला गोड बोलायची सवयच नव्हती. मलाही नाही, म्हणून आमचं जमलं.

माझी लेक त्यांच्या थोरल्याला द्यायची ठरली तेव्हाची गोष्ट, सत्तर-एकाहत्तर साल असेल. मंडळी आमच्या ओसरीवर बसली, बोलणं झालं, आता सुपारी फोडायची. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. पण अडकित्ता शेजारणीने नेलेला आणि शेजारीण गेलेली शेताला. कुणीतरी म्हणालं, दगड आणा. विहीणबाई कडाडल्या, "शुभ कामाला दगूड? आना हिकडं." आणि सुपारी तोंडात घातली. दाढेखाली नाही, सगळ्यांना दिसावं म्हणून पुढच्या दातांत. कडकन आवाज झाला. लोकांनी "फुटली, फुटली" म्हणत गूळ वाटला. सुपारी फुटली होती, आणि वरचा पुढचा दातही. बाईने रक्त गिळलं, वर गूळ खाल्ला आणि निघताना दारात मला म्हणाल्या, "लेक दिलीत, दात घेतलात. फिटंफाट!"

फिटंफाट कसली? मग जन्मभर तेच. सणाला, बारशाला, लोणचं घालताना, "हिच्यापायी दात दिलाय म्या." माझी लेक मान खाली घालायची. मला राग यायचा, पण ऐन वेळी अडकित्ता माझ्याच घरात नव्हता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

त्या दाताबरोबर बाईंचं हसणं गेलं. आधी त्या हसल्या की गोठ्यातली म्हैस मान वर करायची. आता हसू आलं की पदर तोंडावर. धाकट्यासाठी मुली बघायला जायचं तर मोठी पंचाईत. पदर असेपर्यंत पोरीकडच्या बायका म्हणायच्या, सासू गरीब दिसते. पदर ढळला की कुजबूज सुरू, "दात पडलाय. कुनाशी भांडली असंल?" होकार येईना. धाकटा दातापायी बिनलग्नाचा राहणार, असं विहीणबाईंनी मनाशी पक्कं धरलं.

आमचे जावई साखर कारखान्यात. कारखान्याने कामगारांचा, घरच्यांसकट, विमा उतरवला. 'उतरवला' ऐकून विहीणबाईंना तो दृष्ट उतरवण्यातलाच प्रकार वाटला, "मीठ-मोहऱ्या बी कारखानाच देनार का?" म्हणाल्या. त्यातून दवापाणी होतं हे कळल्यावर मात्र त्यांनी पदर खोचला आणि नगर गाठलं. दातांच्या डॉक्टरने सांगितलं, खोटा दात बसवतो, पण आधी विम्याच्या कचेरीतून मंजुरी आणा. तिथला साहेब म्हणाला, "मावशी, दाढ असती तर गोष्ट वेगळी. पुढचा दात म्हणजे शोभेचं काम. ते विम्यात बसत नाही."

"मी कुठं विम्यात बसवा म्हनते? हितं बसवा," म्हणून त्यांनी फटीवर बोट ठेवलं.

दुसरी बाई पुन्हा तिथं गेली नसती. ह्या मात्र बाजाराला जावं तशा जायला लागल्या. भाकरी बांधून पहिली एसटी धरायची आणि कचेरीच्या बाकावर जाऊन बसायचं. शिपाई आत वर्दी द्यायचा, "दातवाल्या आल्या." साहेबाने शोभा हा शब्द काढला की म्हणायच्या, "घराला दार लावतो ती शोभा व्हय? त्वांडाचं दार हाय ते, सायेब." शेवटी दात माझ्या ओसरीवर पडला म्हणून साक्षीला मलाही नेलं.

त्या दिवशी साहेब थकलेला दिसला. म्हणाला, "मावशी, अपघाताने पडलेला दात विम्यात बसतो. तुम्ही नुसतं अपघात म्हणा, आजच मंजूर करतो."

मला वाटलं, सुटले एकदाची. एक शब्द, आणि बाईला दात, धाकट्याला बायको, मला शांतता. पण विहीणबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

"सायेब, लेकाची सुपारी फोडली त्या दातानं. त्याला अपघात म्हनू?"

"अहो, कागदापुरतं."

"कागदावरचं ऱ्हातंय. माझी सून चार बुकं शिकलीय. उद्या वाचलं तर तिला काय वाटंल? आपन ह्या घरात आलो तो अपघात व्हता?"

साहेब माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "म्हना की! मला तर रोज ऐकवता."

"ते घरात, विहीणबाई. घरात म्या काय बी म्हनंन. कचेरीत न्हाई."

आणि उठल्या. एसटीच्या फलाटावर मी म्हटलं, दात मी करून देते. तर म्हणाल्या, "तुमचा दात घालून तुमालाच चावू व्हय?" आणि भर फलाटावर पदर न घेता हसल्या. धाकट्याची सोयरीक पुढच्या खेपेला जमली. मुलीकडच्यांना फट दाखवून त्यांनी सुपारीची गोष्टच सांगून टाकली. त्या बैठकीला मी अडकित्ता कनवटीला लावून गेले होते.

कचेरीतलं ते बोलणं मी लेकीच्या कानावर घातलं होतं. ती भाकऱ्या थापत राहिली. आमच्या घरात बोलायची रीत नाही.

विहीणबाईंचे बाकीचे दातही मागाहून गेले, ऊस सुटला. शेवटच्या आजारपणात मी बेलापूरला गेले, तर लेक खाटेशेजारी बसून ऊस सोलत होती. दातांनी. मग कांडं चेचून रस वाटीत काढायची आणि चमच्याने सासूच्या तोंडात घालायची. मी म्हटलं, "अगं, दात पडतील. घरात कोयता न्हाई का?"

मान वर न करता म्हणाली, "हाय की. पाव्हन्यांसाठी."