कार्बन जास्त, ऑक्सिजन कमी

नांदेडच्या विद्यापीठात आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. प्रयोगशाळांत मोजलेली अणुकेंद्रांच्या अभिक्रियांची आकडेवारी घ्यायची, ती कॉम्प्युटरमधल्या ताऱ्याला द्यायची आणि त्याच्या पोटात कुठलं मूलद्रव्य किती तयार होतं ते बघायचं, हे आमचं काम. ती औशाची, किराणा दुकानदाराची मुलगी, दुकानात बसूनच बारावी केलेली. माझे वडील प्राध्यापक, घरात पुस्तकांची कपाटं. तरी काही अडलं की सर तिलाच हाक मारायचे. मी समोर असले तरी.

एका उन्हाळ्यात तिचा तारा अडला. हेलियम जळून संपला की कार्बन फार उरायचा, ऑक्सिजन कमी पडायचा. तीन आठवडे ती प्रोग्राममधली चूक शोधत होती. चूक तिथं नव्हतीच. कार्बनचा ऑक्सिजन होण्याचा जो वेग ती वापरत होती, तो जुन्या मोजणीतला होता. सुधारलेला तक्ता माझ्याकडे आधीच आला होता. मी तो दिला नाही. तिनं विचारलं कुठं, असं स्वतःला सांगत राहिले. कॅन्टीनमध्ये तिचा उतरलेला चेहरा बघून मला बरं वाटायचं.

मग एका सकाळी ती जवळजवळ धावतच माझ्या टेबलाशी आली. मोजणी करणाऱ्या परदेशी गटाला तिनं सरळ ईमेल केला होता, त्यांनी तक्ता पाठवला होता आणि ऑक्सिजन जुळला होता. सरांना सांगायच्या आधी ती पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आली होती.

"तुलाबी लागंल," म्हणाली.

मला राहवलं नाही. तो तक्ता माझ्याकडे आधीच होता, हे सांगून टाकलं.

"कवापासून?"

"दोन महिने झाले."

"मीच येडी, तुला इचारलंच न्हाई," म्हणाली आणि सरांच्या केबिनकडे गेली.

सरांना तिनं माझ्याबद्दल काही सांगितलं नाही. पण त्यानंतर आपला एकही आलेख मला दाखवला नाही.

आता मी लातूरला कॉलेजात शिकवते. ती अजून ताऱ्यांवरच काम करते. तिचा पेपर आला की मी चूक शोधत वाचते. मागच्या महिन्यात एक सापडली, संदर्भातलं एक साल चुकलेलं. मी लगेच कळवलं. तिनं दोन ओळींत मनापासून आभार मानले. तो सगळा दिवस माझा वाईट गेला.