पेडणेकरकाकांची काळी-पांढरी चित्रं

सांगू की नको, असं माझं बरेच दिवस चाललंय. पण चहा ओतलाय, तुम्ही घरचीच माणसं, आणि मुलुंड पूर्वेत माझी अब्रू तशीही फारशी उरलेली नाही. तेव्हा ऐकाच.

आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असतो. सकाळी झेंडा, मग मुलांची रंगभरण स्पर्धा, संध्याकाळी पूजा. यंदा माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, स्पर्धेच्या जोडीला एक छोटं प्रदर्शन करू. विषय काय, तर आपल्याकडची सुरुवातीची कॉमिक्स! का? तर पहिल्या मजल्यावर पेडणेकरकाका राहतात म्हणून.

काका म्हणजे छुपा रुस्तम. आपल्याकडे कॉमिक्स नुकती छापायला लागली होती ना, तेव्हा बँकेतली नोकरी सांभाळून ते एका लहानशा प्रकाशकाला चित्रं काढून द्यायचे. राजे, राक्षस, उडते घोडे, सगळं यांच्या हातचं! पण त्यांच्या प्रकाशकाची रीत अशी, की चित्रकाराला पैसे द्यायचे आणि विसरून जायचं. पुस्तकावर त्याचं नाव नाही, मूळ चित्रंही परत नाहीत. पुढे ते ऑफिस बंद पडलं, सगळं रद्दीत निघालं, तेव्हा काका धावत गेले आणि हाताला लागली तेवढी पानं घेऊन आले. तेवढीच उरली.

"काका, ती पानं भिंतीवर लावू. खाली तुमचं नाव, मोठ्या अक्षरात," मी म्हटलं.

काका म्हणाले, "नागपूरहून लेकीला बोलावतो रे. बाप चित्रकार होता, हे तिला अजून खरं वाटत नाही. पानं मी स्वतः आणून देईन हां."

इकडे रंगभरणाचे कागद मी झेरॉक्सवाल्याला सांगून ठेवले होते. तीही जुन्या वळणाचीच चित्रं. आदल्या दिवशी ऑफिसातून आलो, तर सोफ्यावर साडीच्या दुकानाची पिशवी.

"उद्याची चित्रं आलीत रे," बायको आतून ओरडली.

उघडून बघतो तर राजे, राक्षस, काळ्या रेघा, आत रंग नाही. म्हटलं, वा! झेरॉक्सवाला चक्क वेळेत!

आता तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, तुला ओळखू आलं नाही? कसं येणार? कॉमिक्स म्हणजे रंगीबेरंगी, एवढंच माझं ज्ञान. मूळ चित्र नुसत्या काळ्या शाईत काढतात आणि रंग छापताना चढतात, हे मला कुठे ठाऊक? आणि प्रदर्शनाचा संयोजक कोण? मीच!

उलट मी खूश. "स्मिता, कागद बघ काय जाड दिलाय!"

"एवढ्याशा पैशात?"

"ओळख आहे आपली."

चित्रातल्या बोलण्याच्या फुग्यांवर मजकुराच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. तेच चित्र हिंदीत, गुजरातीत छापायचं तर नुसत्या चिठ्ठ्या बदलायच्या, म्हणून. हे मला नंतर कळलं. तेव्हा म्हटलं, पोरांना अडचण नको, आणि सगळ्या उपटून टाकल्या. मध्ये मध्ये पांढरा रंग लावून चुका झाकल्या होत्या, तो नखाने खरवडला. मग मुलांना नमुना हवा म्हणून एक पान स्वतः रंगवलं. राजाचा अंगरखा जांभळा, घोडा पोपटी. पोरांना कळू दे, रंगसंगती कशाला म्हणतात!

सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये तो नमुना फळ्यावर लावला. पण मुलं जास्त आली, कागद कमी पडले. तुमचा मित्र डगमगला का? अजिबात नाही. कात्री मागवली आणि पानं मधोमध कापली.

हो, कापली. आता असं बघू नका माझ्याकडे.

प्रत्येकाला कागदाखाली नाव आणि फ्लॅट नंबर लिहायला लावला. स्केचपेन जोरात चालू झाली आणि माझा फोन वाजला. झेरॉक्सवाला.

"साहेब, तुमचे कागद कालपासून पडलेत इथे. नेताय ना?"

बायकोला गाठलं. "कालची पिशवी कोणी दिली गं?"

"पेडणेकरकाकांनी. म्हणाले, विनूला दे, तो समजेल."

तो समजेल! वाट लागली यार, पार वाट लागली. मी वळलो तर दारात काका. कडक इस्त्रीचा शर्ट, शेजारी लेक.

"लावलीस का रे विनू?"

काका भिंतीकडे बघत पुढे आले आणि मग त्यांची नजर खाली गेली. एक चिमुरडी त्यांच्या राक्षसाचे गाल रंगवत होती.

"आजोबा, राक्षस गुलाबी चालेल ना?"

काका तिच्या कागदावर वाकले. "चालेल बाळा," म्हणाले. मग खालचं तिचं नाव वाचलं आणि लेकीला म्हणाले, "बघ, या वेळीही नाव दुसऱ्याचंच."

मी सगळ्यांसमोर त्यांचे पाय धरले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण काका कसले! "ऊठ," म्हणाले, "पोरं घाबरतील."

लेक पानं गोळा करत होती, अर्धुक अर्ध्याला जुळवून बघत होती. "बाबा, हे सगळं तुम्ही काढलंय?" एवढंच विचारत होती आणि डोळे पुसत होती.

तेवढ्यात काकांना फळ्यावरचा नमुना दिसला.

"हा पोपटी घोडा कुठल्या वयोगटातला?"

मीच हात वर केला.

काकांनी चष्मा पुसून पान पुन्हा बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. "लिही खाली. रेखाटन: दिगंबर पेडणेकर."

लिहिलं. मोठ्या अक्षरात.

"आता त्याच्याखाली. रंग: विनय परब."

तेही लिहिलं. सगळ्यात धड उरलेलं पान तेच, म्हणून लेकीने ते फ्रेम करून काकांच्या हॉलमध्ये लावलंय, दारासमोरच. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "काका, चित्र झकास हो! पण रंगांची ही वाट कोणी लावली?" आणि काका गॅलरीत येऊन वर तिसऱ्या मजल्याकडे हाक मारतात,

"विनूऽऽ, जरा खाली ये रे. पाहुण्यांना तुला बघायचंय!"