खाडीतली घरं आणि काकीची म्हैस

आमच्या थोरल्या चुलत्यांचं घर मळ्यात, कृष्णेच्या इतकं काठाला होतं, की पावसाळ्यात नदी आधी त्यांच्याकडे यायची आणि मग बाकीच्या गावाकडे वळायची. सत्तरच्या दशकात अशाच एका पुरानंतर वरच्या माळावर घरांसाठी जागा मिळू लागल्या. काकी म्हणाली, माळावर जायचं. चुलते म्हणाले, मळा सोडून हलणार नाही. पुढचा पावसाळा लागायच्या आत दोघांपैकी एकाचं ऐकावं लागणार होतं, आणि ऐकून घ्यायची सवय आमच्या घराण्यात कुणालाच नव्हती.

चुलते पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांचा तिथला एक जोडीदार कोकणातला होता. त्याचं घर म्हणे खाडीत, लाकडी खांबांवर उभं. पाणी खालून येतं, खालून जातं, घरातली माणसं वर भाकरी खात बसतात. चुलत्यांना हे फार पटलं. आपणही मळ्यातच खांबांवर घर बांधायचं, नदीला खालून वाट द्यायची. मी नुकताच बी. ए. झालो होतो, म्हणून नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. मी सोपा काढला, देवघर काढलं, न्हाणी काढली, तुळससुद्धा काढली. खांबांवरच्या घरात तुळस कुठं लावतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही.

काकीनं नकाशा उलटा धरून पाहिला आणि म्हणाली, "आधी तसलं घर डोळ्यानं दावा."

म्हणून आम्ही तिघं कराडहून एसटीनं कुंभार्ली घाट उतरलो. मला बरोबर घेतलं ते गाडीच्या पाट्या वाचायला. चिपळूणला गाडी बदलून खाडीच्या गावात पोचलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात काळे खांब आणि त्यांवर पाचसहा जुनी घरं. पूर्वी इथं गलबतं लागत, त्यांचा माल ठेवायला ही घरं बांधली होती. गलबतं गेली, घरं राहिली, आणि त्यांत मासेमारी करणारी माणसं राहायला आली. खांब माणसाच्या मिठीत न मावणारे. चुलत्यांनी एका खांबाला बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली.

"बघ! हाय का जागचं हलत?"

"पानी कुठाय पन?" काकी म्हणाली.

पाणी नव्हतं हे खरं. उतरलेलं पाणी पुढच्या पावसापर्यंत परत येत नाही, एवढंच आम्हा नदीकाठच्यांना माहीत. तेव्हा कुणाच्याही घरी जाताना करतो तेच आम्ही केलं. शिडीच्या पायाशी वहाणा नीट ओळीनं काढून ठेवल्या आणि वर गेलो.

जोडीदार मुंबईला होता. घरी त्याची म्हातारी आई. तिनं आमचं मनापासून स्वागत केलं, वाळत घातलेली जाळी बाजूला सारून चटई टाकली आणि चहा ठेवला. चुलते फळ्यांवर पाय आपटून मजबुती तपासू लागले. मी नकाशा उघडून मापं घेतल्यासारखं करत होतो. तेवढ्यात खालून चुबुक चुबुक आवाज आला. फळीच्या फटीतून पाहिलं तर पाणी पसरलं होतं आणि चुलत्यांची एक कराडी वहाण एकटीच खाडीत आतल्या बाजूला निघाली होती. बाकीच्या आधीच गेल्या असाव्यात.

"आवं, तुमची वहान चालली!" काकी ओरडली.

"भरती आहे बाय," म्हातारी शांतपणे म्हणाली. "पायतान वर न्यायचं असतं. आता होडी येईपर्यंत बसा."

बसलो. चहा आला, तो काळा. काकीनं कपाकडे पाहिलं, मग खाली पाण्याकडे पाहिलं.

"दूध न्हाई व्हय घरात?"

"दूध बाजारात मिळतं. म्हैस ठेवायची कुठं? तिला शिडी कोण शिकवणार?" म्हातारी हसली.

काकी हसली नाही. तिनं माझ्या हातातला नकाशा ओढून घेतला आणि या वेळी सरळ धरला.

"ह्यात गोठा कुठाय रं?"

गोठा नव्हता. काढायचाच राहिला होता. नकाशा सगळ्या भावकीनं पाहिला होता, आणि गोठा कुणालाच आठवला नव्हता.

चुलते म्हणाले, "म्हशीला उतरण बांधू. दगडी."

"म्हंजी पानी बी त्याच उतरणीवरनं वर यील," काकी म्हणाली. "मागल्या पुरात तुमी आढ्याला धरून बसला हुता. मी म्हशीचा कासरा धरून माळावर हुबी हुते. रातभर. डोक्यावर पोतं. ती थरथरत हुती, मी बी. तवा घर कुठं बांधायचं ते मला तितंच कळलं. तुमाला सांगितलं न्हाई, कारन तुमी इचारलं न्हाई."

यावर म्हातारीनं काकीच्या कपात गूळ वाढवला. चुलते फळीच्या फटीतून खाली बघू लागले. पाणी खांबांना वळसा घालून आत चाललं होतं, अगदी त्यांनी सांगितलं होतं तसं. घर हलत नव्हतं. त्यांच्या म्हणण्यात तसं चुकीचं काहीच नव्हतं.

होडीनं आम्हाला काठावर सोडलं. चिपळूणच्या स्टँडवर आम्ही तिघं अनवाणी उभे होतो, आणि लोक आम्हाला नवसाचे समजून गाडीत जागा करून देत होते. घाट चढताना चुलत्यांनी विषय काढला.

"माळावर पानी न्हाई. नदीवरनं आनायला लागंल."

"लागंल की."

"कोन आननार?"

"तुमी."

"रोज?"

"म्हस रोज पिती," काकी म्हणाली.

चुलते खिडकीकडे वळले. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, मळ्यापासून माळापर्यंत बैलगाडी जाईल अशी वाट आहे का, असं त्यांनी मला विचारलं.